पिल्लांची सोडत

कमलाकर चौबळांच्या घरी पक्षी आले यात त्यांचा काडीचा दोष नव्हता. पक्षी मुळात वल्लरीचे, म्हणजे त्यांच्या मुलीचे. तिला बंगळुरूला नोकरी लागली, आणि "बाबा, दोनच महिने हं," असं म्हणून ती पिंजरा खांदा कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ठेवून गेली. त्याला आता दीड वर्ष झालं. लेकींच्या दोन महिन्यांना कॅलेंडर लागू होत नाही, हे बाप झालेल्या कुणालाही ठाऊक असतं. पिंजऱ्यात एक हिरवा नर आणि एक निळी मादी. सगळं पनवेल त्यांना लव्हबर्ड म्हणतं, पण खरं नाव बजी. शशिकलाबाईंनी, म्हणजे सौ. चौबळांनी, दोन्ही नावं बाजूला ठेवून त्यांना मोरू आणि चिमी म्हणायला सुरुवात केली होती.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो एका मडक्यामुळे. जुन्या पनवेलच्या बाजारात पक्ष्यांचे दाणे, म्हणजे राळे, आणायला गेले असताना दुकानदाराने मूठभर आकाराचं, तोंडाशी भोक असलेलं एक मडकं चौबळांच्या पिशवीत टाकलं. "टांगा पिंजऱ्यात, काका. बघा, महिन्याभरात अंडी."

दुसरा कुणी असता तर घरी येऊन मडकं टांगून मोकळा झाला असता. पण चौबळांनी चौतीस वर्षं घरं बांधणाऱ्या एका सरकारी महामंडळाच्या वाटप विभागात काढली होती. या माणसाने उभ्या हयातीत नियमाबाहेर एक टाचणी टोचली नव्हती. स्वतःचा फ्लॅटसुद्धा त्यांनी सोडतीतच मिळवला, तोही तिसऱ्या खेपेला, आणि पहिल्या दोन खेपांना स्वतःचं नाव नसलेली यादी स्वतःच्या हाताने फलकावर लावून! तेव्हा त्यांनी मडकं कपाटात ठेवलं आणि पिंजरा घेऊन नवीन पनवेलला पक्ष्यांच्या डॉक्टर अनुष्का यांच्याकडे गेले.

डॉक्टरांनी दोघांना तपासलं. वय बरोबर आहे, तब्येत चांगली आहे. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगा, उकडलेलं अंडं द्या, वर्षातून दोनदापेक्षा जास्त अंडी घालू देऊ नका. "आणि सर, सगळ्यात महत्त्वाचं. पिल्लं व्हायच्या आधी त्यांची घरं ठरवा. लोक हौसेने मडकं टांगतात, मग पिल्लं कुणाच्याही गळ्यात मारतात. एकेकटं देऊ नका, जोडीने द्या. आणि घेणाऱ्याच्या मागे कोण बघेल तेही विचारा. आठ-दहा वर्षं जगतो हा जीव."

डॉक्टरांचं बाकीचं बोलणं चौबळांनी ऐकलं की नाही, देव जाणे. 'घरं ठरवा' हे दोन शब्द कानावर पडले आणि त्यांच्या अंगात अख्खा वाटप विभाग संचारला.

आठ दिवसांत नियमावली तयार झाली. एकूण बावीस नियम. अर्जाचा नमुना दोन पानी, रकाने एकोणीस. वाटप सोडतीने. वाटपपत्र लगेच, ताबा पिल्लं स्वतः दाणे टिपू लागल्यावर. नियम नऊ, वाटप झालेलं पिल्लू बदलून मिळणार नाही. नियम अकरा, ताब्यापूर्वी पिल्लाला नाव ठेवू नये, क्रमांकानेच उल्लेख करावा. आणि नियम चार, अर्जदाराचं वय पासष्टच्या आत असावं. 'पात्र' आणि 'अपात्र' असे दोन शिक्केही त्यांनी करून आणले. शशिकलाबाई म्हणाल्या, "अहो, चिमीला विचारलंत का? की तिनेही अर्ज करायचाय?" चौबळांनी या प्रश्नाची नोंद घेतली नाही.

सूचना फलकावर कागद लागला आणि पंधरवड्यात सत्तावीस अर्ज आले. अंडं एक नाही, मडकं अजून कपाटात, आणि अर्जांची फाइल फुगलेली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते दुसरं काय असतं?

दुसऱ्या मजल्यावरच्या दमयंतीकाकू अर्जाबरोबर सल्लाही घेऊन आल्या. "भाऊजी, मडक्याला काळा दोरा बांधा. दृष्ट फार लवकर लागते हो. आणि चिमीला बाळंतपणात डिंकाचे लाडू द्या." काकू नुसतं बोलून थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या, लाडवांचा डबा सोबत होता. पक्ष्यांना डिंक वर्ज्य आहे असं चौबळांनी लेखी कळवलं. तोवर शशिकलाबाईंनी त्यातले दोन खाल्ले होते.

मग आली सोसायटीची नोटीस. सेक्रेटरी सत्यजीत हा चाळिशीतला, टापटीप, बोलताना "ॲज पर बायलॉज" म्हटल्याशिवाय श्वास न घेणारा गृहस्थ. 'सदनिकेत विनापरवाना प्रजनन केंद्र चालवणे' असा विषय लिहून त्याने खालच्या, वरच्या आणि समोरच्या फ्लॅटची एनओसी मागितली. 'प्रजनन केंद्र' हा शब्द चौबळांच्या फार जिव्हारी लागला. सदुसष्टाव्या वर्षी माणसाला काय काय ऐकून घ्यावं लागतं! त्यांनी चार पानी उत्तर दिलं आणि एनओसी गोळा करायला निघाले. खालच्या दमयंतीकाकूंनी दिली. वरच्या फ्लॅटचा मालक मस्कतला. त्याची एनओसी ईमेलने आली, आणि सोबत पिल्लासाठी अर्जही आला. तो अठ्ठाविसावा.

राहिले समोरचे अष्टमकर. अब्राहम अष्टमकर म्हणजे चौबळांचे बावीस वर्षांचे शेजारी. लस तयार करणाऱ्या एका संस्थेच्या लॅबोरेटरीतून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर, हात मात्र अजून सुई ओवावी इतका स्थिर. मुलगा रोनेन इस्रायलला जाऊन बारा वर्षं झाली. नात लियोरा फोनच्या पडद्यावर भेटते. घरात ते आणि रोझीवहिनी. अष्टमकरांनी एनओसीवर सही केली, मडकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "तळाला लाकडाचा भुसा घाला, चौबळ. नाहीतर पिल्लांचे पाय फाकतील." अठ्ठावीस अर्जदारांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

भुसा घालून मडकं टांगलं, आणि चिमीने एक दिवसाआड एक अशी पाच अंडी घातली. एक पोकळ निघालं, चार फुटली. पण अंडी दिवसाआड घातली की पिल्लंही दिवसाआडच निघणार. एक नंबर चांगलं गुबगुबीत झालं तेव्हा चार नंबर मडक्याच्या तळाशी कुठेतरी सापडायचं. पहिली तिघं त्याच्या डोक्यावर बसून जेवायची. अकराव्या दिवशी चौबळांनी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तर काटा हललाच नाही. चिमीने त्याला भरवणं सोडलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "हाताने भरवावं लागेल. पिल्लांचं पीठ देते, त्याची पेज करा. एकोणचाळीस अंशांहून थंड नको, चाळिसाच्या वर नको. थंड गेली तर पचत नाही, गरम गेली तर आतून भाजतं. सकाळी सहापासून, दर तीन तासांनी. खरं सांगू, वाचेलच असं नाही."

चौबळांनी वेळापत्रक केलं, थर्मामीटर आणला, सिरिंज भरली, आणि त्यांचा हात थरथरायला लागला. हजारो कुटुंबांना घरं वाटलेल्या या हाताला त्या एवढ्याशा चोचीत एक थेंब घालता येईना. अर्धी पेज पिल्लाच्या डोळ्यावर, अर्धी चौबळांच्या बनियनवर. पिल्लू मान टाकून बसलं. चौबळ तसेच उठले, पिल्लाचं खोकं घेतलं आणि समोरची बेल वाजवली. अष्टमकरांनी एकदा खोक्यात पाहिलं, एकदा चौबळांच्या बनियनकडे पाहिलं, आणि हात धुवायला गेले.

त्या दिवसापासून खोकं अष्टमकरांच्या हॉलमध्ये, दिव्याच्या उबेत राहू लागलं. चार नंबर त्यांच्या हातून घटाघटा पेज पिऊ लागलं, आणि भूक लागली की अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं किंचाळू लागलं. आणि बरोबर अष्टमकरांच्या जेवणाच्या वेळेला. रोझीवहिनी नारळाच्या दुधातलं पापलेटाचं कालवण वाढणार, अष्टमकर हात पुढे करणार, की खोक्यातून किंकाळी! लगेच ते पाटावरून उठायचे. "आमच्यात आधी मुक्या जिवाला घालायचं, मग आपण जेवायचं. शास्त्रच आहे तसं."

"त्या शास्त्रात गार कालवणाबद्दल काही लिहिलंय का?" रोझीवहिनी विचारायच्या. "लियोराही तसलीच. फोन केला की आधी पिल्लाची चौकशी, मग आजीची!"

शनिवारी निराळीच गंमत. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या वारी, अष्टमकर गॅस पेटवत नाहीत, आणि दुसऱ्याला पेटव म्हणून सांगतही नाहीत. चौबळ खोक्यापाशी बसले होते. अष्टमकर खिडकीकडे बघत, कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले, "पेज गार झाली."

"गार चालायची नाही," चौबळ म्हणाले. "एकोणचाळीस अंश."

"हं. एखाद्याच्या घरी गॅस पेटलेला असेल."

"असेल की. सकाळची वेळ आहे."

"हं."

"अष्टमकर, तुम्हाला काही हवंय का? असेल तर स्पष्ट सांगा ना!"

"मी कुठे काय मागतोय?"

चौबळ चक्रावून बसले. चौतीस वर्षं ज्याने फक्त लेखी अर्ज वाचले, त्याला खिडकीकडे बघून केलेला अर्ज कसा कळावा? तेवढ्यात समोरच्या दारातून शशिकलाबाई गरम पेजेची वाटी घेऊन आल्या. "सरका हो बाजूला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. पुढच्या शनिवारी वाटी आपोआप आली.

असं सगळं चाललं असताना, अर्जांची मुदत संपायच्या दिवशी, एक दोन पानी अर्ज चौबळांच्या दाराखालून सरकला. अर्जदार, अब्राहम अष्टमकर. वय, एकाहत्तर.

चौबळांनी पहिलं पान वाचलं. वयाची अट पासष्ट. वाटप विभागाची एक शिस्त होती, पहिल्या पानावर अर्जदार बाद झाला तर दुसरं पान उलटायचं नाही, मन द्रवतं. अन् सगळी बिल्डिंग बघत होती. समोरच्या शेजाऱ्याला नियम शिथिल केला असता तर वशिला म्हणजे आणखी काय असतं? त्यांनी डोळे मिटले आणि 'अपात्र'चा शिक्का मारला. यादी फलकावर लागली.

"तुम्हाला काही लाजबीज?" शशिकलाबाई एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबरचं खोकं चौबळांच्या दारात होतं. वर थर्मामीटर, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेलं वेळापत्रक. नऊ वाजले. चौबळांनी सिरिंज भरली. चार नंबरने त्यांच्याकडे पाहिलं आणि चोच घट्ट मिटून घेतली. शशिकलाबाईंनी प्रयत्न केला, तरी मिटलेलीच. साडेनऊला बेल वाजली. अष्टमकर आत आले, हात धुतले, पिल्लाला भरवलं, आणि चपला घालायला लागले.

"अष्टमकर, रागावलात का हो?" चौबळांनी विचारलं.

"तुमच्यावर रागावलोय. त्याच्यावर नाही."

पुढे दहा दिवस हेच. दर तीन तासांनी माणूस येई, भरवी, आणि अक्षर न बोलता जाई. शनिवारीही आला. पिल्लाच्या अंगावर पिसांचे कोंब दिसू लागले. चौबळांना मात्र अन्न गोड लागेना. त्यांनी कितीतरी लोकांची नावं यादीतून वगळली होती, पण त्यातला एकही दर तीन तासांनी घरी येत नव्हता.

सोडतीचा रविवार उजाडला. खाली पार्किंगमध्ये टेबल, टेबलावर राळ्यांचा स्टीलचा रिकामा डबा, त्यात चिठ्ठ्या. निरीक्षक म्हणून डॉक्टर अनुष्का. चौबळ इस्त्रीच्या शर्टात. अष्टमकर आणि रोझीवहिनी मागे, खांबापाशी उभे. बाराची पेज बाकी होती म्हणूनच अष्टमकर आले असावेत.

एक आणि दोन नंबरची जोडी नीताबाईंना लागली. बी विंगमधल्या शाळेच्या बाई. त्यांनी "खायला पालक चालतो ना?" एवढंच विचारलं आणि टाळ्या झाल्या. तीन आणि चार नंबरची चिठ्ठी डॉक्टरांनी उघडली. सेक्रेटरी सत्यजीत! नोटीस पाठवणाऱ्याचा अर्जही फाइलमध्ये होताच. प्रतीक्षा यादीवर पहिल्या दमयंतीकाकू.

सत्यजीत ऐटीत पुढे आला आणि खोक्यात डोकावला. तीन नंबर झकास हिरवं. चार नंबर अर्धवट पिसांचं, मोठ्या डोक्याचं, त्याच्याकडे बघून किंचाळणारं. "हे काय? हा पीस डिफेक्टिव्ह आहे. बदलून द्या."

"पीस नाही, पिल्लू आहे," चौबळ म्हणाले. "नियम नऊ. बदलून मिळणार नाही."

"मग मला नकोच!" चारचौघांत अपमान झाल्यावर सत्यजीतला बायलॉज आठवले. "पण माझी एक हरकत नोंदवून घ्या. नियम चार. पासष्टच्या वरच्या माणसाच्या घरी पक्षी नको, बरोबर? ॲज पर युअर ओन रूल्स, चौबळसाहेब, तुमचं वय काय?"

"मार्चमध्ये सदुसष्ट पूर्ण."

"मग मोरू आणि चिमी कुणाच्या घरी आहेत?"

दमयंतीकाकू हळूच म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे आणखी एक जोडी सोडतीत?"

आता, नियम फक्त नव्या अर्जदारांना लागू आहे, असं कुणीही म्हणालं असतं. पण पळवाट काढणं चौबळांच्या रक्तातच नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या पळवाटा बुजवल्या होत्या. त्यांनी एक कोरा अर्ज घेतला, त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि 'अपात्र'चा शिक्का उचलला. मोरू-चिमी जाणार! दीड वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी चादर काढून "उठा मोरोपंत" म्हणायची सवय. तरी शिक्का मारलाच. सोडत झाली की बाद अर्जाच्या मागच्या बाजूला शेरा लिहायचा असतो. याआधी वयामुळे बाद केलेल्या अर्जावरही तो लिहायचा होता, म्हणून त्यांनी तोही फाइलमधून काढला. तो एकच होता. त्यांनी पान उलटलं.

आणि शेरा लिहायचा राहूनच गेला. शशिकलाबाईंनी पुढे होऊन कागद त्यांच्या हातातून घेतला आणि मोठ्याने वाचला.

"रकाना सहा. पक्षी का हवा? 'घरात कुणीतरी भूक लागली म्हणून ओरडावं, यासाठी.' रकाना एकोणीस. अर्जदाराच्या पश्चात पक्ष्यांची काळजी कोण घेईल?" त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "'समोरच्या दारातले कमलाकर चौबळ. त्यांना विचारलेलं नाही. विचारायची गरज वाटली नाही.'"

डॉक्टर अनुष्कांनी फाइल चाळली. बाकी सत्तावीस जणांनी तो रकाना एकतर कोरा सोडला होता, नाहीतर 'लागू नाही' असं लिहिलं होतं. सत्यजीतने 'सोसायटी' लिहिलं होतं. "सर," त्या म्हणाल्या, "वयाची अट घाला असं मी कधी म्हटलं? मागे कोण बघेल ते विचारा, एवढंच म्हटलं होतं."

चौबळांनी नियमावली उघडली आणि नियम चारवर आडवी रेघ मारली. उभ्या आयुष्यातली पहिली. पण दमयंतीकाकू यादीवर पहिल्या होत्या, आणि यादी ती यादी. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "माझ्याकडे काय बघताय?" काकू म्हणाल्या. "मला नाही बाई जमायचं ते पिचकारीने भरवणं. द्या ज्याचं त्याला. आणि भाऊजी, त्या चार नंबरला काळा दोरा बांधाच. दृष्ट लागलीच होती की नाही?"

चौबळांनी स्वतःच्या अर्जावरचा रकाना एकोणीस भरला, 'अब्राहम अष्टमकर', आणि खांबापाशी जाऊन तो त्यांच्यापुढे धरला. "चुकलो मी, अष्टमकर. दुसरं पान उलटायला हवं होतं."

अष्टमकरांनी वाचलं. "तुमचं गणित कच्चं आहे, चौबळ. मी एकाहत्तर, तुम्ही सदुसष्ट. तुमच्या पश्चात मी कसा असेन?"

"ते तुमचं तुम्ही बघा. रकाना कोरा सोडायचा नाही."

"अहो, दोघांच्या पश्चात कोण?" रोझीवहिनी म्हणाल्या. "आम्हीच ना? आत्ता तरी दुसरं कोण बघतंय! शशीताई, लिहा आपली नावं." शशिकलाबाईंनी लिहिली.

त्या दिवशी चौबळ समोर जेवायला होते. रोझीवहिनींनी वाफाळतं कालवण वाढलं. बाराची पेज सोडतीच्या गोंधळात साडेबाराला गेली होती, त्यामुळे आता तीन तास शांतता, असा चौबळांचा हिशोब. त्यांनी भात कालवला, काटा काढला, आणि पहिला घास उचलला.

खोक्यातून किंकाळी आली. चार नंबरला सरकारी वेळापत्रक मान्य नव्हतं.

अष्टमकर उठायला लागले. चौबळांनी त्यांना हाताने खाली बसवलं, घास ताटात परत ठेवला, हात धुतले आणि सिरिंज भरली. हात थरथरत होता. चार नंबरने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि चोच उघडली.

"आता कालवण गार करणारे दोघं झाले," म्हणत रोझीवहिनींनी कालवणाचं पातेलं उचललं आणि पुन्हा गॅसवर ठेवलं.